एकट्या राजाची बरोबरी

रविवार, १६ नोव्हेंबर २०२५
घोडबंदर रोड, ठाणे

प्रिय मृणाल,

सप्रेम जय भीम. तुमच्या आंबिवलीच्या घरात शिरताना मी हेच म्हणायचे, म्हणून इथेही तेच. कशी आहेस? घरची सगळी बरी असतील अशी आशा करते. तुझे धोंडिबा आजा गेल्याचं मला फार उशिरा कळलं, तेही हितेशकडून. आठवतो ना हितेश, कल्याणच्या बुद्धिबळ क्लासमधला, हरला की वरच्या पंख्याला दोष द्यायचा तो. परवा ठाण्यात भेटला. त्यानेच सांगितलं की तू पोस्टात लागलीस आणि सध्या टिटवाळ्याला असतेस. तुझा नंबर त्याच्याकडे नव्हता. मला ते बरंच वाटलं. सोळा वर्षांनी फोन करून काय बोलायचं ते मला सुचलं नसतं, आणि पोस्टातल्या बाईला लिहिलेलं पत्र निदान गहाळ तरी होणार नाही.

माझं म्हणशील तर मी मजेत. चार वर्षांपूर्वी लग्न झालं. सुदेश, माझा नवरा, एका आयटी कंपनीत आहे. दिवसाचा अर्धा वेळ तो कॉम्प्युटरसमोर असतो आणि अर्धा घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये. स्वभावाने गरीब. घरात सासू-सासरे. आमचा एकोणिसावा मजला. एका खिडकीतून खाडी दिसते, दुसरीतून येऊरचा डोंगर. पाहुणे आले की त्यांना आधी खिडकीशी नेतात आणि मग माझ्याशी.

हसू नकोस, खरंच माझ्याशी. माझे सासरे दौलतराव, आम्ही त्यांना अप्पा म्हणतो, बुद्धिबळाचे एवढे भक्त मी दुसरे पाहिले नाहीत. स्वतः कधी जिल्ह्याच्या पुढे गेले नाहीत, पण हॉलच्या भिंतीवर सगळे जगज्जेते ओळीने टांगलेत. स्टाइनिट्झपासून आपल्या गुकेशपर्यंत अठरा फोटो, एकाच मापाच्या काळ्या चौकटी, खाली सालं. पाहुण्याचा चहा गार होईपर्यंत अप्पा एकेकाची ओळख करून देतात. हा लास्कर, सत्तावीस वर्षं गादी सोडली नाही. हा कापाब्लांका, आठ वर्षं एक डाव हरला नाही. आनंदपाशी आले की त्यांचा आवाज जड होतो. अठरांत बाई एकही नाही. एकोणिसावी चौकट माझी आहे. लग्नातली पैठणी नेसून मी उभी आहे आणि हातात चौदाव्या वर्षी मिळालेला राज्य स्पर्धेचा करंडक आहे. तो माझ्या माहेरून, कोपरहून, मुद्दाम मांडवात मागवला होता. लग्न जमवताना अप्पांनी माझी पत्रिका मागितलीच नाही, रेटिंग विचारलं.

रेटिंग सध्या एकोणीसशे सत्त्याऐंशी. ते जेवणाच्या टेबलाजवळ पांढऱ्या फळ्यावर लिहिलेलं असतं. काही पाहुण्यांना ते माझं जन्मसाल वाटतं. एकवीसशे झालं की बायकांच्या फिडे मास्टरचा किताब मिळतो, म्हणून अप्पांनी माझा दिवस आखून दिलाय. सकाळी कोडी, मग जुन्या जगज्जेत्यांचे डाव, जेवणानंतर कॉम्प्युटरशी खेळ, संध्याकाळी ऑनलाइन कोच. रविवारी कॉम्प्लेक्समधली मंडळी क्लबहाउसला जमतात, तेव्हा मी एकटी दहा जणांशी खेळते. सासूबाई, मालन त्यांचं नाव, मी आईच म्हणते, मला कपबशीसुद्धा विसळू देत नाहीत. "राहू दे गं, तू पटावर बस." माझी आई कोपरला सगळ्या बिल्डिंगला सांगत फिरते की पोरीने नशीब काढलं. कोणाला नाही म्हणू? कामाला जुंपलं तर सुनेला रडता येतं. मला कामाला हात लावू देत नाहीत म्हणून मी कुठे रडू?

जुलैमध्ये नागपूरची दिव्या देशमुख बायकांचा वर्ल्ड कप जिंकली, तेव्हा अप्पांनी लिफ्टमनपासून सगळ्यांना पेढे वाटले. मग संध्याकाळी माझ्याकडे बघून म्हणाले, "ती एकोणीस वर्षांची आहे. तू तीस. पण वयाचं काही नसतं." मी पेढा तोंडात धरूनच मान हलवली.

आता कामाचं लिहिते. २१ डिसेंबरला अप्पांना पंचाहत्तर पूर्ण होतात. ठाण्यात हॉल घेतलाय, तीनशे माणसं येतील. त्यांनी स्वतःचा सत्कार नको म्हटलंय, माझा करणार आहेत. एक स्मरणिका छापायला गेली आहे आणि तिच्यातला मुख्य लेख अप्पांनी आपल्या दोघींच्या डावावर लिहिलाय. २००९ ची निवड स्पर्धा, शेवटची फेरी. कोपरच्या घरून माझ्या वह्या आणल्या, त्यात त्यांना तो सापडला. तुझा हत्ती जिवंत आणि माझा नुसता राजा, तरी डाव बरोबरीत. ते महिनाभर त्याच एका डावात आहेत. लेखाचं नाव "एकट्या राजाची बरोबरी". मला विचारत होते, जिंकत आलेल्या मुलीने बरोबरी मान्य केलीच कशी? मी सांगितलं, तिच्या घड्याळात वेळ उरला नव्हता, ती घाबरली. तुलाही साधारण तसंच आठवत असेल.

तर अप्पांची फार इच्छा आहे की त्या दिवशी तू यावंस आणि स्टेजवर दोन शब्द बोलावेस. कार्ड सोबत आहे. नाही जमलं तरी मी समजू शकते. नोकरी आहे, घर आहे. उगाच धावपळ करू नकोस. घरी सगळ्यांना नमस्कार सांग.

तुझी जुनी मैत्रीण,
सौ. संचिता

मंगळवार, २ डिसेंबर २०२५
ठाणे

प्रिय मृणाल,

जय भीम. तुझं पोस्टकार्ड मिळालं. ते लिफ्टमध्ये वाचलं, मग घरात येऊन बाथरूममध्ये वाचलं. दोनच ओळी, त्यामुळे पाठच झाल्या. "२१ तारखेची रजा टाकली आहे. स्टेजवर काय बोलायचं ते लिहून पाठव, म्हणजे चूक व्हायला नको."

तू नेहमी असंच खेळायचीस. काही मोठं करायचं नाही, एक साधी चाल करायची आणि पाण्याची बाटली उघडून बसायचं. समोरच्याने काय ते बघावं.

मी गेले आठ दिवस तुझं भाषण लिहितेय. ऐक. "संचिता आणि मी लहानपणच्या मैत्रिणी. त्या डावात माझ्याकडे हत्ती होता, पण वेळ नव्हता. ती शांत राहिली आणि मी गोंधळले. चॅम्पियन कसा असतो ते मला त्या दिवशी कळलं." चार वाक्यं. टाळ्या पडतील. अप्पा डोळे पुसतील. हे बोललीस तर मी उरलेला जन्म त्या चौकटीत सुखाने राहीन असं मी स्वतःला सांगून पाहिलं. मग कागद फाडला. मग परत लिहिला, तोच वर उतरवलाय.

अप्पांच्या लेखात एक परिच्छेद सुलतान खानवर आहे. त्याची गोष्ट ते प्रत्येक पाहुण्याला सांगतात. पंजाबातला माणूस, एका सरदाराने त्याचा खेळ बघून पदरी ठेवला, विलायतेला नेला. तिथे तो तीनदा ब्रिटिश विजेता झाला, कापाब्लांकाला हरवलं. तो त्या सरदाराचा नोकर होता म्हणतात, खानच्या घरचे आता तसं नव्हतं म्हणतात. अप्पांना त्यातला सरदार आवडतो. "गुणग्राहकता!" असं म्हणून ते माझ्याकडे बघतात. पण त्याच सरदाराच्या घरात फातिमा नावाची एक मुलगी होती. तीही ब्रिटनमध्ये बायकांची विजेती झाली, १९३३ ला. नंतर ती कुठल्या भिंतीवर दिसत नाही. तिने म्हणे सांगितलेलं की मायदेशी परतताना सुलतान खानला तुरुंगातून सुटल्यासारखं वाटलं. हे वाक्य अप्पांच्याच कपाटातल्या एका पुस्तकात आहे. त्यांनी त्याखाली रेघ मारलेली नाही.

मी दुपारी एकटी असले की त्या अठरा जणांकडे बघत बसते. स्टाइनिट्झ शेवटी वेड्यांच्या इस्पितळात गेला. अल्येखिन हॉटेलच्या खोलीत एकटा मेला, समोर पट होता. फिशर जिंकला आणि वीस वर्षं पटाला शिवला नाही. डिंग जिंकल्यावर आजारी पडला. मला त्यातला एकच बरा वाटतो, पाचवा, डॉ. युवे. गणिताचा मास्तर. दोन वर्षं जगज्जेता होता, परत सामना दिला, हरला, आणि शाळेत शिकवायला गेला. अप्पा त्याच्यासमोरून पटकन पुढे सरकतात.

सुलतान खान आधी आपल्याकडचं बुद्धिबळ शिकलेला, साहेबाचं नंतर. तुझ्यासारखंच. आता या पत्रात मला आंबिवलीला यावंच लागणार, कितीही टाळलं तरी.

शनिवारी क्लास सुटला की मी तुझ्याबरोबर यायचे. धोंडिबा आजा पडवीत कापडी पट अंथरून बसलेले असायचे. त्यांचं बुद्धिबळ गावाकडचं. प्यादं पहिल्या खेपेलाही एकच घर चालायचं. राजाला एकदाच घोड्यासारखी उडी घेता यायची. आणि एका बाजूच्या सगळ्या सोंगट्या मारल्या जाऊन राजा एकटा उरला की डाव तिथेच थांबायचा. जीत नाही, हार नाही. त्याला म्हणायचे बुरजी. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंड्याची भुर्जी समजून पाव आहे का म्हणून विचारलं होतं, आणि भीमाबाई आजी हसून हसून खोकायला लागल्या होत्या. "एकल्या राजाला काय मारायचं?" आजा म्हणायचे. ज्याचा राजा एकटा उरला त्याने बुरजी म्हणून हात पुढे करायचा, समोरच्याने तो धरायचा, पट गुंडाळायचा आणि आजीने चहा टाकायचा. हे तू चालायला लागल्यापासून रोज संध्याकाळी करत आलीस. क्लासमध्ये सरांनी पहिल्याच महिन्यात तुला बजावलं की हे नियम विसर, ते स्पर्धेत चालत नाहीत. तू विसरलीसही. डोक्याने विसरलीस. तुझ्या हाताचं काय, ते मला माहीत होतं, कारण पडवीत समोर मी बसायचे.

त्या दिवशी मला बरोबरी पुरत होती. तुला जिंकायलाच हवं होतं. साडेचार तास झाले होते. तू माझं शेवटचं प्यादं मारलंस, घड्याळ दाबलंस आणि ओढणीने तोंड पुसलंस. तुझ्या घड्याळात सात मिनिटं होती. सात मिनिटं पुष्कळ होती, मृणाल. नुसत्या राजा-हत्तीची मात तू डोळे मिटून करायचीस. तू घाबरली नव्हतीस. गोंधळली नव्हतीस. मी लोकांना सोळा वर्षं जे सांगितलं त्यातलं एकही खरं नाही.

मी तुझ्याकडे बघितलं, हात पुढे केला आणि म्हटलं, "बुरजी."

अगदी आज्यांसारखं, हळू, शेवटची ई लांबवून. मी ते ठरवून केलं. पाच चाली आधी, प्यादं वाचत नाही हे दिसलं तेव्हाच ठरवलं होतं. तू हसलीस. मृणाल, तू हसून माझा हात धरलास. मग तुझा चेहरा बदलला. हात सोडवून घ्यायला तुला एक क्षण लागला, आणि तोवर पंच आपल्या टेबलाशी आले होते. "ड्रॉ?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. तू काहीच म्हणाली नाहीस. त्यांनी कागद पुढे केला आणि तू सही केलीस. तू ओरडली असतीस तर त्यांनी कदाचित विचारलं असतं की काय झालं. तू का नाही ओरडलीस हे मी स्वतःला खूपदा विचारलंय, आणि दर वेळी असं वाटतं की हा प्रश्न विचारायचा मला हक्क नाही.

पुढचं तुला माहीत नसेल. मी हॉलच्या दारातून बघत होते. आजा बाहेर पायरीवर डबा घेऊन बसले होते. तू काहीतरी सांगितलंस. त्यांनी तुझ्या पाठीवर थाप मारली आणि उठून माझ्याकडे आले. मला वाटलं आता शिव्या घालणार. ते म्हणाले, "बुरजी झाली म्हनं. लई ब्येस. दोगींनीबी राखलं एकमेकीला." आणि त्यांनी डब्यातली अर्धी भाकर मला दिली. मी ती खाल्ली.

तू नंतर क्लासला आली नाहीस. मी सगळ्यांना सांगितलं, दहावीचा अभ्यास आहे म्हणून सोडलं. मी राज्याला गेले, जिंकले, पेपरात नाव आलं, कॉलेज त्याच्यावर मिळालं, अप्पांनी मला त्याच्यावरून शोधलं. त्या एका शब्दाने मी इथवर आलेय.

तुझं भाषण वर लिहिलंय. त्याच्या खाली हे लिहिलंय. तुला स्टेजवर काय बोलायचं ते तूच ठरव, असं म्हणून मी मोकळी होऊ बघतेय हे मला लिहिता लिहिता दिसतंय. परत तुलाच पुढे ढकलतेय. मी अप्पांना खरं काय ते सांगते. आधी मी सांगते, मग बघू. सहा तारखेला तुम्ही सगळे दादरला जाल, त्याआधी हे हातात पडावं म्हणून आजच टाकते.

संचिता

बुधवार, १७ डिसेंबर २०२५
ठाणे

मृणाल,

तुझं उत्तर आलं नाही. येऊही नये. तुला पत्र मिळालं असेल एवढं धरून पुढचं लिहिते.

मी अप्पांना सांगितलं. गेल्या गुरुवारी, सकाळच्या चहाला. सगळं सांगितलं, पडवी, आजा, बुरजी, सात मिनिटं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं, सुटले. आता चौकट उतरेल, कार्यक्रम रद्द होईल, चार दिवस घरात कोणी जेवणार नाही, आणि पाचव्या दिवशी मी एक साधी बाई असेन. त्या मिनिटभरात मी इतकी हलकी झाले होते की काय सांगू.

मग अप्पा उठले आणि भिंतीपाशी गेले. लास्करसमोर. म्हणाले, "हाही पटाशी खेळायचा नाही, माणसाशी खेळायचा. प्रतिस्पर्ध्याच्या सवयीचा अभ्यास! आणि तेव्हा तुझं वय काय? चौदा!" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तिथेच उभं राहून छापखान्याला फोन केला की शेवटचं पान थांबवा, एक परिच्छेद वाढवायचा आहे. तुझ्याबद्दल त्यांनी एकच गोष्ट विचारली, तुझं आडनाव. छापायला.

माझा गुन्हा मी त्यांच्या हातात दिला आणि त्यांनी तो मढवून टांगला. मला तेव्हा कळलं की त्या माणसाला बुद्धिबळातलं काहीही सांगितलं तरी ते बुद्धिबळच होणार. माझ्याकडे एकच वाक्य उरलं जे बुद्धिबळातलं नाही. ते मी कधी कोणाला म्हटलं नव्हतं, आईलासुद्धा नाही. मी स्वयंपाकघरात गेले. सासूबाई मेथी निवडत होत्या. मी म्हटलं, "आई, मला खेळायचं नाही. आता कधीच."

त्यांनी गॅस बंद केला. मग दार लोटलं.

"हळू बोल," त्या म्हणाल्या. "तुला कोणी काय बोललं का?"

"नाही. कोणीच काही बोलत नाही."

"मग?"

"मला नाही आवडत. तीन वर्षं झाली."

त्या स्टुलावर बसल्या आणि मेथीच्या काड्या बोटांनी मोडायला लागल्या. "तुला सुदेशने सांगितलंय का काही? लहानपणचं?"

मी नाही म्हटलं.

"तो नाही सांगणार. चौथीपासून ह्यांनी त्याला बसवला. हरून आला की तोच डाव परत मांडायचा आणि ताट शेजारी ठेवायचं. चूक सापडेपर्यंत घास नाही. वरणभात डोळ्यासमोर सुकायचा गं. मी मध्ये पडले की माझंही ताट आत. दहावीपर्यंत हे चाललं. मग त्याने एक दिवस पट खिडकीतून टाकला, आणि त्यानंतर हे आमच्या दोघांशी सात महिने बोलले नाहीत. बोलायला लागले ते ओरडायलाच. पुढे अठरा वर्षं. भाजीत मीठ कमी तरी ओरडायचे, जास्त तरी. तू आलीस आणि थांबलं. मी छत्तीस वर्षांत पहिल्यांदा माहेरी आठ दिवस राहून आले, ते तू आल्यावर. माहितीये तुला?"

मला माहीत नव्हतं. मला फक्त एवढं माहीत होतं की पट मांडलेला असला की सुदेश हॉलमधून जात नाही, पॅसेजमधून वळसा घेतो. मला वाटायचं तो मला एकाग्रतेसाठी जागा देतो.

त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "नको सोडूस गं. मी तुझं सगळं करते ना? अजून काय करू, सांग. अजून काय पाहिजे ते करते."

पासष्ट वर्षांची बाई, मृणाल. ती माझ्यापुढे हात जोडत होती, आणि चार वर्षं मी समजत होते की ती माझे लाड करतेय. मी तिच्या हातातली मेथी घेऊन निवडायला लागले. तिने ती परत काढून घेतली.

संध्याकाळी सुदेशला विचारलं. तो बुटांच्या नाड्या सोडत होता. म्हणाला, "आईने सांगितलं ना. मग झालं तर." बूट जागेवर ठेवून म्हणाला, "तू बेस्ट आहेस त्यात. मी नव्हतो." आणि आंघोळीला गेला. मला त्याचा राग आला, अजूनही येतो. तो सुटला म्हणून येतो. पण त्या वेळी तो पंधरा वर्षांचा होता आणि त्याने निदान काहीतरी खिडकीतून टाकलं. मी तीस वर्षांची आहे.

रविवारी काय होणार ते तुला सांगते. आधी अप्पांचं भाषण. मग तुझं नाव पुकारतील. तू नसलीस तर थेट माझं. माझं भाषण अप्पांनी टाइप करून दिलंय, दोन पानं. त्यात मी पुढच्या वर्षी किताब मिळवीन असं सगळ्यांसमोर वचन देते. ते मी वाचायचं ठरवलंय. चार दिवस सगळ्या बाजूंनी विचार केला. मी नाही म्हटलं तर घरी येऊन भोगणार कोण? मी कोपरला निघून जाईन. त्या बाईला कायमचं जायला कोपर नाही.

म्हणून हे पत्र. तू येऊ नकोस. रजा रद्द कर, नाहीतर घरी झोपून काढ, पण त्या हॉलमध्ये पाऊल टाकू नकोस. मी रागाने सांगत नाही, हात जोडून सांगते. तुझ्या तोंडाकडे बघून मी एकदा खोटं बोलले आहे. परत जमणार नाही, मला माझी खात्री आहे. तू समोर दिसलीस तर ती दोन पानं माझ्याने वाचवणार नाहीत. मी खरं बोलेन. तुझ्याबद्दलचं बोलेन, आणि तिथे थांबणार नाही, हा माझा शेवटचा कार्यक्रम आहे हेही बोलून टाकेन, तीनशे माणसांसमोर, माइकवर. आणि पहिल्या रांगेत सासूबाई बसलेल्या असतील, जरीची साडी नेसून. त्यांनी ती आत्तापासून इस्त्री करून ठेवली आहे.

तुझं मी फार वाईट केलं. माफी मागायचीसुद्धा राहूनच गेली, दोन पत्रं लिहून. आज मागते. चुकले मी. तू मला माफ कर असं म्हणत नाही, ते तुझं तू बघ. एवढंच सांगते की आज्यांची ती भाकर माझ्या घशाखाली अजून उतरलेली नाही.

हे स्पीड पोस्टने टाकतेय, म्हणजे शुक्रवारपर्यंत तुला मिळेल आणि बेत बदलायला वेळ राहील. तुझ्या घरच्यांना माझा नमस्कार. यापुढे मी लिहिणार नाही, काळजी करू नकोस.

तुझा हात एकदा धरलेली,
संचिता

ता. क. पाकीट चिकटवलं होतं. ते फोडून हे लिहितेय. मृणाल, साडेदहाला सुरू होईल. ये.